लोखंडाचं पाणी

मुलांनो, रस्त्याच्या कडेला वेल्डिंगचं दुकान दिसलं की तुम्ही काय करता? खरं सांगा हं! सायकलचा वेग आपोआप कमी होतो, मान वळते आणि त्या निळ्या-पांढऱ्या लखलखाटाकडे डोळे जातातच. आईने पाठीत धपाटा घातला तरी एक डोळा मिटून दुसऱ्या डोळ्याने बघायचं काही सुटत नाही. लहानपणी मीही हेच करायचे. पुढे शिकून बाई झाले, मुलांना पाढे आणि बाराखडी शिकवू लागले, आणि तिशी ओलांडल्यावर एका उन्हाळ्याच्या सुट्टीत स्वतःच वेल्डिंग शिकायला बसले.

त्याला कारण झाले आमच्या शाळेतले बाक. परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यात आमची जिल्हा परिषदेची शाळा आहे. लोखंडी पाइपाचे पाय आणि वर फळी, असे आमचे बाक. वर्षानुवर्षं मुलं त्यावर बसतात, कधी उभी राहतात, कधी (मी वर्गात नसताना) उड्याही मारतात. हळूहळू पायांचे सांधे सुटत गेले. असे सात बाक व्हरांड्यात एकावर एक रचून ठेवले होते, आणि सात बाकांची मुलं खाली सतरंजीवर बसत होती. टेम्पो करून बाक तालुक्याला न्यायचे, तर दुरुस्तीपेक्षा भाडंच जास्त!

गावात वेल्डिंगचं काम करणारे एक मामा आहेत. सगळं गाव त्यांना मामाच म्हणतं. त्यांनी तेव्हा नवीन, छोटं मशीन घेतलं होतं. मी म्हटलं, “मामा, बाक तर जोडायचेतच, पण मला शिकवाल का?” मामा हसले. म्हणाले, “बाई, खडू आन् रॉड दिसायला सारखेच. पण खडू पोळत नाही.”

आता हे छोटं मशीन म्हणजे काय, ते आधी सांगते. मामांचं जुनं मशीन तुम्ही कुठेतरी पाहिलं असेलच. चाकांवरचं, तेलाने भरलेलं, पिंपाएवढं धूड! ते हलवायला दोन गडी लागायचे. नवं मशीन मात्र जेवणाच्या मोठ्या डब्याएवढं. वजन पाच-सहा किलो. खांद्याला पट्टा अडकवून कुठेही न्या. काम तेच, मग आकार एवढा लहान कसा?

वेल्डिंगला दाब कमी, पण प्रवाह भरपूर लागतो. घरातल्या विजेचा दाब असतो २३० व्होल्ट. वेल्डिंग चालू असताना रॉडच्या टोकाशी दाब असतो वीस-पंचवीस व्होल्ट, पण प्रवाह असतो ऐंशी-शंभर अँपिअर. हा बदल करतो ट्रान्सफॉर्मर. आपली वीज एका सेकंदात ५० वेळा पुढे-मागे होते. एवढ्या सावकाश येणाऱ्या विजेला लोखंडाचा मोठा गाभा आणि तांब्याच्या तारेचे जाडजूड वेढे लागतात.

समजा, तुम्हाला रांजण भरायचाय. खेपा कमी करायच्या तर हंडा मोठा हवा. पण तुम्ही वाऱ्यासारखे धावू शकत असाल, तर तांब्यानेही रांजण तेवढ्याच वेळात भरेल. नव्या मशीनमध्ये नेमकं हेच होतं. ते आलेली वीज आधी एका दिशेने वाहणारी करून घेतं. मग इलेक्ट्रॉनिक बटणं तिचे सेकंदाला हजारो, काही मशीनमध्ये तर लाखभर तुकडे पाडतात. खेपा इतक्या वाढल्यावर हंडा हवाच कशाला? मुठीत मावेल असा ट्रान्सफॉर्मर पुरतो. शेवटी वीज पुन्हा एका दिशेची होऊन रॉडकडे जाते. याला म्हणतात इन्व्हर्टर वेल्डिंग मशीन. आमच्या चौथीतल्या एका पोराने लगेच विचारलं होतं, “बाई, मग लाइट गेल्यावर पण चालंल का?” नाही बरं का! घरातल्या दिव्यांच्या इन्व्हर्टरला बॅटरी असते, याला नसते. लाइट गेली की हेही बसलं गप्प.

आणि याला मोबाइल चार्जरच्या साध्या प्लगवर लावायचं नसतं. निदान सोळा अँपिअरचा मोठा प्लग, जाड वायर आणि नीट अर्थिंग हवंच. मामांनी पहिल्या दिवशी मशीनला हातच लावू दिला नाही. आधी वायर कुठे सोललीय का ते बघायला लावलं, मग पायात बूट आहेत का ते बघितलं. माझी ओढणी बाजूला ठेवायला लावली, वेणीचा अंबाडा घालायला लावला, आणि “उद्या सुती कपडे घालून या, हे नायलॉन ठिणगीनं अंगाला चिकटंल” असं सांगून घरी पाठवलं. झाला पहिला तास!

दुसऱ्या दिवशी रॉड हातात आला. रॉड म्हणजे वीतभराहून लांब लोखंडी काडी, बाहेरून राखाडी लेप दिलेली. तिचं उघडं टोक होल्डरमध्ये धरायचं. मशीनची दुसरी वायर चिमट्याने कामाच्या लोखंडाला लावायची. मग काडीपेटीवर काडी ओढतो तशी रॉडची टीप लोखंडावर ओढायची आणि लगेच किंचित वर उचलायची. उचलली की त्या एवढ्याशा फटीतून वीज उडी मारते. तोच तुमचा लखलखाट. सूर्याच्या पृष्ठभागाचं तापमान साधारण ५,५०० अंश सेल्सिअस. या ठिणगीचं तापमानही त्याच पंक्तीतलं. पोलाद साधारण १,५०० अंशांला वितळतं, मग त्याची काय कथा!

सांगायला सोपं. मी ओढला तो रॉड लोखंडाला चिकटूनच बसला. उपटायला गेले तर निघेना. मामा शांतपणे म्हणाले, “मनगट वळवा.” सुटला. पुन्हा ओढला, पुन्हा चिकटला. तिसऱ्यांदा घाबरून उचलला तो इतका वर, की ठिणगीच विझली. त्या दिवशी मी सोळा वेळा रॉड चिकटवला. मोजत होते, कारण माझ्या वर्गातल्या मुलांच्या चुका मी अशाच मोजते!

चार दिवसांनी चिकटणं थांबलं, पण रेघ काही सरळ येईना. कुठे ढीग, कुठे खळगा. मामा माझ्या शेजारी दुसरी काच धरून बसले, पाच मिनिटं बघत राहिले आणि म्हणाले, “बाई, तुम्ही उजेड बघायलात. उजेड बघू नका, पाणी बघा.”

पाणी? कसलं पाणी?

मग त्यांनी दाखवलं. काळ्या काचेतून सगळं जग अंधारलेलं असतं. फक्त रॉडच्या टोकाशी एक हिरवट तारा दिसतो. नवशिक्याची नजर त्या ताऱ्यावर खिळते. पण ताऱ्याच्या खाली, जरा मागे, वितळलेल्या लोखंडाचं एक इवलंसं डबकं असतं. चमकदार, थरथरणारं. त्याच्यामागून काळपट साय सरकत येते. ते डबकं म्हणजे मामांचं ‘पाणी’. त्याची रुंदी रॉडच्या जाडीच्या साधारण दुप्पट झाली की हात पुढे. डबकं पसरायला लागलं, तर तुम्ही रेंगाळताय. चिंचोळं झालं, तर घाई करताय. ते दोन्ही पट्ट्यांच्या काठांना भिजवतंय का, एवढंच बघायचं. आणि कानही उघडे ठेवायचे! अंतर बरोबर असेल तर कढईत भजी तळल्यासारखा एकसारखा चर्र आवाज येतो. रॉड फार वर गेला की नुसता फुसफुसाट आणि सगळीकडे शिंतोडे.

मला ते पाणी दिसलं तो क्षण मी विसरणार नाही. एखाद्या मुलाला वाचता येऊ लागतं ना, अक्षरांचा अचानक शब्द होतो, तसं झालं.

रॉडवरच्या त्या राखाडी लेपाची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. विजेच्या ठिणगीने धातू जोडायची युक्ती निकोलाय बेनार्डोस या संशोधकाने १८८१ मध्ये काढली. तो कोळशाची कांडी वापरायचा. पुढे १८८८ मध्ये स्लाव्यानोव या रशियन अभियंत्याने धातूचीच काडी वापरली. जोड तर व्हायचा, पण ठिसूळ. कारण तापलेल्या लोखंडात हवेतला ऑक्सिजन आणि नायट्रोजन घुसायचे. स्वीडनमध्ये ऑस्कर केलबर्ग नावाचा माणूस जहाजं आणि बॉयलर दुरुस्त करायचा. त्याने १९०४ च्या सुमारास तार खनिजांच्या घट्ट कालवणात बुडवून वाळवली. आता काडी जळताना लेपाचा धूर होऊन हवेला बाजूला सारू लागला, आणि लेपाची साय वितळलेल्या लोखंडावर पसरून त्याला झाकू लागली. थंड झाल्यावर या सायीची काळी खपली होते. ती हातोडीने टिचकी मारून काढायची, की आत चकचकीत जोड! आपल्याकडच्या साध्या रॉडच्या लेपात रूटाइल नावाचं खनिज असतं. केरळ आणि ओडिशाच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या काळसर वाळूत ते सापडतं.

त्याआधी आपल्याकडे लोखंड जोडत नव्हते का? जोडत होते की! लोहार आणि गावोगाव फिरणारे घिसाडी भात्याने विस्तव फुलवून लोखंड पांढरंफेक होईपर्यंत तापवत आणि घणाच्या घावांनी दोन टोकं एक करत. बैलगाडीच्या चाकावरची लोखंडी धाव अशीच जोडलेली असायची. ते काम येणारे हात आता फार थोडे उरलेत.

दोन आठवड्यांत माझी रेघ छान दिसू लागली. मला वाटलं, चला, आता बाक! मामांनी माझा सर्वांत सुंदर जोड शिकंजात धरला, घण माझ्या हातात दिला आणि म्हणाले, “तोडा.” तिसऱ्या घावाला जोड उघडला. आत बघते तर काय, स्पंजासारखी भोकं आणि मध्ये अडकलेली काळी खपली. वरून लाडू, आतून भुसा! मला जरा रागच आला, खोटं कशाला बोलू. मामा म्हणाले, “रंग मारला असता तर कुणाला दिसलं असतं का? पण बसणाऱ्या लेकराला कळलं असतं.” त्यांनी अट घातली, की लागोपाठ तीन जोड घणानं तुटले नाहीत, तरच बाकाला हात लावायचा.

याच दिवसांत एक गोष्ट घडली. ती सांगायला मला आजही बरं वाटत नाही, पण सांगते.

मी मामांच्या अंगणात सराव करत असे. आमच्या शाळेतला दुसरीचा एक मुलगा रोज तिथे यायचा. मी त्याला हाकलायचे, तो जायचा. एका दुपारी तो गेला नाही, तर दाराआड लपून फटीतून बघत राहिला. मला वाटलं, गेला. मी वळूनही पाहिलं नाही. काचेमागे डोकं घातल्यावर आपल्याला आजूबाजूचं काही दिसत नाही ना! तास-दीड तास माझं काम चाललं. संध्याकाळी पोरगा अगदी ठणठणीत, अंगणात खेळला, जेवला. रात्री बारा वाजता त्याची आई माझ्या दारात. पोराला डोळे उघडवत नव्हते. “माती गेली, माती गेली” म्हणून रडत होतं, आणि पाण्याच्या धारा लागल्या होत्या.

कुणीतरी कच्च्या बटाट्याची चकती आणली, कुणी दूध घाला म्हणालं. मामा मात्र ठामपणे म्हणाले, “काही घालू नका, डॉक्टरला दाखवा.” जीप काढून आम्ही तालुक्याला गेलो. डॉक्टरांनी तपासलं, थेंब घातले, गोळी दिली आणि समजावून सांगितलं. वेल्डिंगच्या उजेडात आपल्याला न दिसणारे अतिनील किरण असतात. उन्हाने कातडी भाजते, तसं या किरणांनी बुबुळापुढचं पारदर्शक पारपटल भाजतं. त्या वेळी काहीच कळत नाही. त्रास सुरू होतो तो सहा-बारा तासांनी. म्हणून कारण चटकन ध्यानात येत नाही. तेही सरळ बघायलाच हवं असं नाही, पांढऱ्या भिंतीवरून उलटून आलेला उजेडही पुरतो.

दोन दिवसांत तो बरा झाला. नशीब! त्याची आई मला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. ‘मला वाटलं, गेला’ हे काही उत्तर नव्हे. दुसऱ्या दिवशी मी स्वतः ताडपत्री विकत आणली आणि मामांच्या अंगणाला आडोसा केला. तेव्हापासून रॉड ओढण्याआधी मी मान वर करून चारी बाजूंना बघते आणि मोठ्याने ओरडते, “डोळे!” मामा आधी हसायचे. आता तेही ओरडतात.

मुलांनो, म्हणून तुम्हाला एकच विनंती. वेल्डिंग बघायचंच असेल, तर कारागिराला विचारा, “काका, एक काच देता का?” साधा काळा गॉगल चालत नाही. वेल्डिंगच्या काचेला नंबर असतो. शंभरेक अँपिअरच्या कामाला दहा किंवा अकरा नंबर लागतो. (सूर्यग्रहण बघायला चौदा नंबर सांगतात, तो याहून काळा!) आता तर ठिणगी पेटताच डोळ्याचं पातं लवण्याच्या आत आपोआप काळी होणारी काचही मिळते. आणि हे वाचून घरचं मशीन स्वतः चालू करू नका. जस्ताचा मुलामा दिलेल्या पाइपाच्या धुराने थंडी-ताप येतो, ओल्या अंगाला झटका बसतो, आणि तेलाच्या रिकाम्या पिंपात उरलेल्या वाफेचा स्फोट होतो. मामा तसलं पिंप दुकानात घेतच नाहीत, गिऱ्हाईक कितीही रागावो.

शिकायची हौस असेल तर रस्ता आहे. आठवी पास झालात आणि चौदा वर्षं पूर्ण असली, की आयटीआयमध्ये वेल्डरचा एक वर्षाचा अभ्यासक्रम करता येतो. त्याचं मराठी नाव मोठं झकास आहे, ‘संधाता’! सांधणारा तो संधाता. परभणीलाही शासकीय आयटीआय आहे. पालकहो, हे तुमच्यासाठी: पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. मोठ्या कंपनीतलं संशोधन सोडून ते खेड्यात आले. हातांनी काम करता करता मुलं विज्ञान अधिक चांगलं शिकतात, असं त्यांचं म्हणणं होतं. तिथून निघालेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं-मुली आठवड्यातला एक दिवस वेल्डिंग, सुतारकाम, शेती, वीज असली कामं करतात. ‘अभ्यासात कच्चा आहे, म्हणून याला वेल्डिंगला घाला’ असं कुणी म्हटलं, की मला त्या शिकंजातला माझा फुटका जोड आठवतो. कच्च्या माणसाचं ते काम नव्हेच.

जुलैत शाळा सुरू झाली होती. तीन दिवसांची झड उघडून वाफसा आला होता आणि सगळं शिवार कोळपणीला लागलं होतं. अशा वेळी एकाच्या कोळप्याची पास धरणारी पट्टी तुटली. तालुक्याला जाऊन यायचं म्हणजे अर्धा दिवस गेला, आणि आभाळ तर पुन्हा भरून येत होतं. मामांनी मशीन पोत्यात गुंडाळून मोटारसायकलला बांधलं आणि थेट त्याच्या घरी गेले. रविवार होता, म्हणून मीही मागोमाग गेले. गावात दाब कमी होता, सगळ्यांच्या मोटारी चालू! दहा मिनिटं थांबावं लागलं. तो माणूस म्हणाला, “मामा, पासेलाच मारा ना एक टाका.” मामा नाही म्हणाले. पास कडक पोलादाची, तिला साधा रॉड मारला तर शेजारून तडकते. त्यांनी तुटलेली पट्टी घासून साफ केली आणि तीच सांधली. शेवटचे दोन टाके मला मारू दिले. आधी मी “डोळे!” म्हणून ओरडले, तेव्हा आजीबाईंनी गोठ्यातल्या बैलापुढेही पोतं आडवं धरलं! चारच्या सुमारास पाऊस आला, तोवर त्याचं रान कोळपून झालं होतं.

सातही बाक आता वर्गात आहेत. पाच मामांनी जोडले, दोन मी. माझे दोन लगेच ओळखू येतात. त्यांचे जोड मुंग्यांची रांग वाकडी व्हावी तसे दिसतात. पण घणाची परीक्षा पास होऊन मगच बसवलेत हं!

तुम्हाला घरबसल्या एक खेळ सांगते. मामांनी मला मशीनला हात लावू देण्याआधी हाच करायला लावला होता. वीतभराहून लांब सरळ काडी घ्या, खराट्याची चालेल. तिच्या एका टोकाला पेन्सिलीचा लहान तुकडा दोऱ्याने घट्ट बांधा आणि दुसरं टोक मुठीत धरा. कागदावर पट्टीने एक रेघ काढा. आता त्याच रेघेवरून पेन्सिल अशी न्या, की टोक कागदाला जेमतेम स्पर्श करेल, आणि वीतभर अंतराला पूर्ण एक मिनिट लागेल. कुणालातरी घड्याळ धरायला लावा. जरा जमलं, की मूठ हळूहळू काडीवरून खाली सरकवत न्या, कारण खरा रॉड जळून आखूड होत जातो आणि हात कामाच्या जवळ येत जातो. रेघ झाल्यावर बघा, कुठे जाड आलीय, कुठे तुटलीय. माझी पहिली रेघ सहा ठिकाणी तुटली होती. तुमची किती ठिकाणी तुटते, मोजा बरं!